मुका मार म्हणून सोडून देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली ३१ वर्षं शिवणकाम करते. आपल्या आरोग्याच्या पानावर हृदय, रक्तदाब, मधुमेह यांबद्दल नेहमी वाचते. अपघात म्हटलं की मात्र वाहनांचे अपघात येतात. घरात किंवा कामाच्या जागी पायावर जड वस्तू पडली तर पुढच्या दहा मिनिटांत आणि पुढच्या दोन दिवसांत काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुठे वाचायलाही मिळालं नव्हतं. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण आपण पूर्ण वाचावं.

पायडलच्या मशीनला तेल घालायचं तर वरचा लोखंडी भाग बिजागरीवर मागे कलता करावा लागतो. बिजागरीत त्याला धरून ठेवणारे दोन छोटे स्क्रू असतात. माझ्या मशीनचे ते स्क्रू सैल झाले होते, हे मला माहीत होतं. ‘एवढं काम झालं की आवळते’ म्हणत मी आठवडाभर तसंच चालवलं. त्या दिवशी मशीन कलतं केलं आणि ते बिजागरीतून निसटून खाली आलं. दहा-बारा किलोचं लोखंड थेट माझ्या डाव्या पावलावर, बोटं आणि घोटा यांच्या मधल्या उंचवट्यावर. पाय अनवाणी होता.

कातडी फाटली नाही. रक्ताचा थेंब आला नाही. घरातले धावत आले आणि पहिलं वाक्य आलं, “बोटं हलव बघू.” हलली. दुसरं वाक्य, “चालून दाखव.” भिंतीला धरून मी चार-पाच पावलं टाकली. तिसरं वाक्य, “मग हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे.” सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मीसुद्धा. रात्री गरम पाण्याने शेक घेतला, मलम चोळून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायाने पायडल मारायला बसले, कारण कपडे द्यायचे होते.

तिसऱ्या दिवशी तळव्याच्या मध्यभागी निळा-जांभळा डाग उमटला. वरचं रक्त खाली उतरलं असेल, असं आम्ही समजलो. सहाव्या दिवशीही पाऊल चपलेत जाईना, तेव्हा एक्स-रे काढला. तो झोपवून काढलेला होता. त्यात काही दिसलं नाही, गोळ्या मिळाल्या, पुन्हा तेच ‘मुका मार’. अकराव्या दिवशी दुसऱ्या हाडाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाऊल हातात घेतलं आणि सगळ्यात आधी तळवा पाहिला. मग दोन्ही पायांवर भार देऊन उभं राहायला लावलं आणि दोन्ही पावलांचे एक्स-रे एकत्र काढून घेतले. उजव्या पायात अंगठ्यामागचं लांब हाड आणि त्याच्या शेजारचं हाड एकमेकांना खेटून होती. डाव्या पायात त्यांच्यामध्ये फट पडली होती.

या दुखापतीला लिस्फ्रांकची दुखापत म्हणतात. जाक लिस्फ्रांक हे नेपोलियनच्या काळातले फ्रेंच शल्यचिकित्सक, त्यांच्या नावाने पावलातला हा सांधा ओळखला जातो. एका पावलात २६ हाडं असतात: बोटांची १४, त्यांच्यामागची लांब ५ आणि घोट्याकडची ७. लांब हाडं मागच्या हाडांना जिथे मिळतात, तिथे पावलाची कमान जणू कुलूप लावून बसवलेली असते. ते कुलूप तुटलं तरी बोटं हलतात, कारण बोटं हलवणारे स्नायू आणि दोऱ्या वेगळ्या असतात. माणूस लंगडत चालतोही. पाय टेकून काढला नाही तर पहिल्या एक्स-रेत फट दिसेलच, असं नाही. साधारण पाचात एका रुग्णात ही दुखापत सुरुवातीला निसटते, असं वैद्यकीय लिखाणात वारंवार येतं. तळव्यावरचा तो निळा डाग तिची मोठी खूण. मला ती खूण तिसऱ्या दिवशी दिसली होती आणि मी तिच्यावर भार देऊन आणखी आठ दिवस पायडल मारलं. शस्त्रक्रिया झाली, स्क्रू घातले, दोन महिने तो पाय जमिनीला लावायचा नव्हता. आज मी चालते, पण सलग तासभर पायडल मारलं की चवडा भरून येतो.

‘मुका मार’ हा शब्द मी त्यानंतर सोडून दिला. कातडी फाटलेली नाही, एवढंच तो सांगतो. आत हाड, सांधा, रक्तवाहिनी यांचं काय झालं, याबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि आपण मात्र त्याचा अर्थ ‘काही झालं नाही’ असा घेतो.

त्या दोन महिन्यांत पलंगावर पडून मी डॉक्टरांना, परिचारिकांना, फिजिओथेरपीच्या ताईंना विचारत राहिले. त्यांनी सांगितलेलं लिहिते.

वस्तू पडली की आधी खाली बसायचं. वेदनेने घेरी येते आणि त्यात पडून डोक्याला लागतं, म्हणून उभ्या उभ्या पाय झटकायचा नाही. कुणी पांढरं पडलं, घाम फुटला, तर आडवं करायचं. बूट-मोजा आणि बोटात काही अंगठीसारखं असेल तर ते सूज चढण्याआधी हलक्या हाताने काढायचं. नंतर निघत नाही आणि बोटाचा रक्तपुरवठा आवळला जातो. पाऊल वाकडं दिसत असेल किंवा हाड बाहेर आलं असेल तर मात्र काहीही ओढायचं, सरळ करायचं किंवा आत ढकलायचं नाही. वर स्वच्छ कापड ठेवायचं, पाय आहे तसा आधाराने स्थिर ठेवायचा आणि थेट रुग्णालय गाठायचं. नुसती जखम असेल आणि रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरायचं. ‘थांबलं का’ म्हणून दर मिनिटाला कापड उचलून बघितलं की पुन्हा सुरू होतं. रक्त थांबलं की वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवायची. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवायचं. जखमेत माती-गंज गेला असेल आणि लसीला पाच वर्षं उलटली असतील, किंवा जखम स्वच्छ असली तरी दहा वर्षं उलटली असतील, तर डॉक्टरांना ते सांगायचं.

मग दोन्ही पावलं शेजारी ठेवून बघायची. एखादं बोट पांढरं, निळं किंवा गार पडलं आहे का? बोटाचं टोक दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आसपास परतला पाहिजे. एका बोटाने हाडांवर अलगद दाबत जायचं. सूज सगळीकडे दुखते, पण नेमक्या हाडावर दाबल्यावर कळ मस्तकात जात असेल तर ती जागा डॉक्टरांना दाखवायची.

“चालून दाखव” यातही थोडं तथ्य आहे, हे मला नंतर कळलं. कॅनडातल्या ओटावा इथे डॉ. इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एक नियमावली मांडली. पावलाच्या मध्यभागी दुखत असेल आणि चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा, असं ती सांगते. पण चालता आलं तरी तिथे गोष्ट संपत नाही. पावलाच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेवरच्या दोन ठरावीक हाडांवर दाबून दुखलं तरी एक्स-रे काढायचाच. शिवाय हे सगळं मुख्यतः पाय मुरगळण्यासाठी आहे, आणि बोटांना ते लागू नाही. वरून वजन कोसळलेल्या पायाला आपण त्यातला ‘चाललं की झालं’ एवढाच तुकडा लावतो.

पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, चोळणं नाही. मी दोन्ही केलं. उष्णतेने आणि चोळण्याने आतलं रक्त आणि सूज वाढते. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, मध्ये दोन-तीन तास सोडून. कातडीवर थेट कधीच नाही. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय वर ठेवणं, ही चौकट अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये लोकांपुढे ठेवली. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की बर्फाने वेदना कमी होते, पण भरून येणं लवकर होत नाही, उलट लांबू शकतं. म्हणजे बर्फ वेदनेपुरता, दिवसभर नाही. पाय मात्र उशांवर, छातीपेक्षा वर ठेवून पडायचं. मला सूज उतरलेली दिसली ती त्यानेच.

एका प्रसंगात हेही करायचं नसतं, आणि तो प्रसंग रात्री अकरा वाजता ओळखता आला पाहिजे. पाऊल चांगलंच चिरडलं असेल आणि काही तासांत वेदना कमी होण्याऐवजी वाढतच गेली, गोळीने फरक पडेना, पाऊल फळीसारखं ताठ लागलं, कुणी बोटं हळूच वाकवली तरी ओरडावंसं वाटलं, मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर आतल्या आवरणांत दाब साठून स्नायूंचं रक्त अडतं आहे, असं समजायचं. अशा वेळी पट्टी सैल करायची, पाय छातीच्या पातळीलाच ठेवायचा आणि त्याच रात्री रुग्णालयात जायचं. इथे उशीर तासांत मोजतात.

बोटावर पडलं तर गोष्ट थोडी वेगळी. “बोटाला डॉक्टर तरी काय करणार” असं म्हणतात, आणि करंगळी किंवा मधल्या बोटाचं हाड सरळ असेल तर खरंच फार काही लागत नाही. दोन बोटांच्या मध्ये गॉज ठेवून शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधतात, कडक तळाचा बूट घालतात आणि चार ते सहा आठवडे जाऊ देतात. अंगठ्याला हे लागू नाही. चालताना पाऊल उचलण्याचा भार अंगठा घेतो, म्हणून तो दाखवायचाच. कुठलंही बोट वाकडं झालं असेल तर तेही.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीच्या अंगठ्यावर मोठी इस्त्री पडली, माझ्या अपघातानंतर वर्षभराने. तासाभरात नख काळं पडलं आणि असा ठणका लागला की ती रडायला लागली. कुणीतरी सुई तापवून नखाला भोक पाडायला निघालं होतं. मी ती सुई हातातून काढून घेतली. डॉक्टरही भोकच पाडतात, पण स्वच्छ साधनाने, आणि खाली हाड मोडलंय का हे बघून. हाड मोडलं असताना घरच्या सुईने वाट केली तर जंतू थेट हाडापर्यंत जाऊ शकतात. पहिल्या दिवसा-दोन दिवसांत गेलं तर उपयोग होतो, नंतर रक्त गोठतं. तिला आम्ही डॉक्टरांकडे नेलं, आणि त्यांच्या खोलीतून बाहेर पडेपर्यंत तिचा ठणका थांबला होता. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, त्यामुळे पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. काळा डाग नखाबरोबर पुढे सरकला पाहिजे. महिन्यांमागून महिने एकाच जागी राहिला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचा.

लहान मुलांचं आणखी जपायचं. नखाच्या मुळाशी रक्त दिसत असेल तर खाली वाढीच्या भागातून हाड मोडलेलं असू शकतं आणि जखम तिथपर्यंत उघडी असते.

आणि ज्यांना मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी आहे, त्यांनी ‘दुखत नाही’ यावर मुळीच विसंबू नये. त्यांच्या पावलात हाडं मोडूनही वेदना होईलच, असं नाही. पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं दिसलं, तर पाय टेकणं थांबवून त्याच दिवशी दाखवायचं. बर्फही त्यांनी विचारल्याशिवाय लावू नये, कातडी गारठून इजा झाली तरी कळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनीही वाट बघत बसू नये.

आता मशीन कलतं करण्याआधी मी दोन्ही स्क्रू हाताने तपासते आणि बंद बूट घालते. कारखान्यांतल्या सुरक्षा बुटांची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसेल अशी तपासलेली असते, म्हणजे साधारण २० किलो वजन एक मीटरवरून पडलं तर. मात्र ती टोपी बोटांपुरतीच असते. माझ्या पायावर मशीन पडलं त्या जागेपर्यंत ती पोचत नाही, त्यामुळे स्क्रू आवळणं चुकत नाही.

संपादक महोदय, आरोग्याच्या पानावर या विषयाला जागा द्यावी आणि एखाद्या हाडाच्या डॉक्टरांकडून तो सविस्तर लिहून घ्यावा, अशी कळकळीची विनंती. शक्य असेल तर तळव्यावरच्या त्या निळ्या डागाचं चित्र सोबत छापावं. जागा कमी पडली तर माझी हकीकत गाळा, पण तळव्याबद्दलचा भाग ठेवा.

आपली नियमित वाचक,
एक शिवणकाम करणारी