फुटबॉल क्लबच्या मालकीला अटी हव्यात

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर 2025च्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने (मँचेस्टर सिटीसह अनेक देशांतले क्लब चालवणाऱ्या समूहाने) मुंबई सिटी एफसीमधील आपला हिस्सा सोडला आणि क्लबची सगळी सूत्रे पुन्हा मूळ मालकांकडे, म्हणजे रणबीर कपूर व बिमल पारेख यांच्याकडे आली. माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक बातम्यांनी याकडे समभागांचा एक व्यवहार म्हणून पाहिले. व्यावसायिक फुटबॉल संघाचा मालक बदलला की मैदानावर त्याचे काय परिणाम होतात आणि तो मालक निघून गेला की मागे काय उरते, हा प्रश्न मात्र महाराष्ट्रातल्या फुटबॉलप्रेमींच्या फार जिव्हाळ्याचा आहे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या पुण्याशी जोडलेले आहे, म्हणून हे पत्र.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचे एक गाव आहे. कापडगिरण्यांवर वाढलेले आणि गिरण्या बंद पडल्यावर खंगलेले हे गाव ज्यांनी लालबाग-परळ पाहिले आहे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब 1875चा, आणि 1888 साली ज्या बारा क्लबांनी जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू केली त्यांपैकी एक. 1991च्या सुरुवातीला, क्लब दुसऱ्या श्रेणीत रखडलेला असताना, जॅक वॉकर या पोलादाच्या व्यापाऱ्याने त्याची सूत्रे हाती घेतली. वॉकर त्याच गावात वाढलेले आणि लहानपणापासून याच संघाचे समर्थक. त्यांनी पैसा ओतला हे सगळेच सांगतात, पण पैसा ओतण्याबरोबर त्यांनी केनी डॅल्ग्लिश यांच्यासारखा जाणता मॅनेजर, म्हणजे संघ निवडणारा मुख्य प्रशिक्षक, आणला, त्याला वेळ दिला आणि ईवूड पार्क हे मैदान जवळजवळ नव्याने बांधून काढले, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. 1992 साली संघ वरच्या श्रेणीत आला. 14 मे 1995 रोजी लिव्हरपूलविरुद्धचा शेवटचा सामना हरूनही, मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखल्यामुळे, 89 विरुद्ध 88 अशा एका गुणाने ब्लॅकबर्न प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वोच्च श्रेणीचा, विजेता ठरला.

वॉकर 2000 साली गेले. त्यांच्या पश्चात त्यांच्या विश्वस्त निधीने क्लब सांभाळला आणि पुढे विकायला काढला. नोव्हेंबर 2010 मध्ये तो पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे आपण ज्याला ‘वेंकीज’ म्हणून ओळखतो त्या उद्योगाने, सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना घेतला. शिवाय क्लबच्या डोक्यावरचे कर्जही आपल्या अंगावर घेतले. पुण्यातला एक कुक्कुटपालन उद्योग प्रीमियर लीगमधल्या क्लबचा मालक झाला याचा आम्हा पुणेकरांना त्या वेळी मनापासून अभिमान वाटला होता. मलाही वाटला होता आणि त्याबद्दल मला आजही काही गैर वाटत नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली उभा केलेला तो उद्योग देशातल्या अंडी-कोंबडी व्यवसायाचा पाया घालणाऱ्यांपैकी आहे.

ऑक्टोबर 2011 मध्ये, तिथला हंगाम ऐन भरात असताना, ब्लॅकबर्नचा संघ पुण्यात आला आणि बालेवाडीच्या क्रीडासंकुलात पुणे एफसीविरुद्ध एक मैत्रीपूर्ण सामना खेळला. मी तो सामना पाहायला गेलो होतो. माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन प्रत्येक खेळाडूचे नाव पाठीवरचा क्रमांक पाहून सांगत होते, आणि तो मुलगा ती नावे पाढे म्हणावेत तशी म्हणत होता. तिकडे ब्लॅकबर्नमध्ये मात्र त्याच आठवड्यांत मालकांविरुद्ध निदर्शने चालू होती. गुणतालिकेच्या तळाशी धडपडणारा संघ हंगामाच्या मध्येच हजारो मैल दूर का नेला, हा तिथल्या लोकांचा सवाल होता. इथे बसून आम्हाला तो जाणवलाही नाही.

सवाल रास्त होता. क्लब घेतल्यानंतर महिन्याच्या आत, 13 डिसेंबर 2010 रोजी, नव्या मालकांनी मॅनेजर सॅम अॅलर्डाइस यांना काढले. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता, म्हणजे त्या क्लबच्या ऐपतीला साजेशा जागी. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले. तोवर ते संघाचे प्रशिक्षक होते, पण मॅनेजर म्हणून त्यांनी एकही क्लब सांभाळलेला नव्हता. क्लब विकत घेताना मालकांना सल्ला देणाऱ्यांत खेळाडूंच्या व्यवहारांतून कमाई करणारी मंडळी होती, आणि वर्षानुवर्षे क्लब चालवणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स काही महिन्यांतच बाहेर पडले. ज्यांना त्या घराचा कोपरान् कोपरा ठाऊक होता अशी माणसे एकामागून एक निघून गेली. 7 मे 2012 च्या संध्याकाळी विगनने ईवूड पार्कवर 1-0 असे हरवले आणि सलग अकरा हंगामांनंतर ब्लॅकबर्नची प्रीमियर लीगमधून घसरण झाली. त्या सामन्यात कोणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली. ते दृश्य जगभर दाखवले गेले आणि इथे अनेकांनी ते हसण्यावारी नेले. मला ते पाहवले नाही, कारण बिचाऱ्या त्या मुक्या जिवाच्या आडून एक अख्खे गाव आपल्याशी, पुण्याशी, बोलत होते.

पुढच्या एकाच हंगामात मॅनेजरची खुर्ची किती वेळा हलली पाहा. हेनिंग बर्ग, जे 1995च्या विजेत्या संघात खेळले होते, त्यांना 57 दिवस मिळाले. त्यांच्यानंतरच्या मायकेल अॅपल्टन यांना 67. 2017 साली गुण सारखे असूनही केवळ गोलफरकाने क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेला संघ त्या पातळीला जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

येथे मालकांच्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर पत्र एकांगी होईल. वेंकीजने हात आखडता घेतला असे म्हणता येत नाही; इतक्या वर्षांत त्यांनी क्लबमध्ये घातलेली रक्कम 20 कोटी पौंडांच्या घरात सांगितली जाते. संघ तिसऱ्या श्रेणीत गेल्यावरही त्यांनी तो वाऱ्यावर सोडला नाही आणि टोनी मोब्रे या अनुभवी मॅनेजरला 2017 ते 2022 अशी पाच वर्षे दिली. एका वर्षातच संघ पुन्हा वर आला. म्हणजे तेच मालक, तोच पैसा, पण मालक आणि मैदान यांच्यामध्ये खेळ जाणणारा माणूस टिकवून ठेवला तेव्हा निकाल वेगळा लागला. माझे सांगणे एवढेच आहे की मालकाच्या थैलीपेक्षा तो सल्ला कोणाचा घेतो आणि कोणाला किती दिवस काम करू देतो यावर संघाचे नशीब ठरते. वॉकर यांनी डॅल्ग्लिश यांना जे दिले, तेच नव्या मालकांनी सहा वर्षांच्या पडझडीनंतर मोब्रे यांना दिले.

तरीही एक धोका मालक कितीही समजूतदार झाला तरी राहतोच. अंमलबजावणी संचालनालयाच्या (ईडीच्या) चौकशीमुळे 2023 पासून मालकांना इंग्लंडला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. त्या चौकशीच्या बऱ्यावाइटाबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण दिल्लीच्या न्यायालयातली तारीख आणि ब्लॅकबर्नच्या खेळाडूंचे पगार यांची अशी सांगड पडावी, हे त्या गावाने कधी स्वप्नातही पाहिले नसेल. त्याच काळात, 2024च्या जानेवारी-फेब्रुवारीत, अॅडम व्हार्टन हा त्याच गावात जन्मलेला आणि त्याच क्लबच्या अकादमीत वाढलेला गुणी मध्यरक्षक क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. काही महिन्यांतच तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात होता.

आता मुंबईकडे वळतो. सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर 2019 मध्ये मुंबई सिटीचा 65 टक्के हिस्सा घेतला, तोपर्यंतच्या पाच हंगामांत क्लबकडे एकही चषक नव्हता. त्यांनी फुटबॉल चालवणारी यंत्रणा आणली, गोव्याच्या संघाला आकार देणारे सर्जिओ लोबेरा आणले, आणि 2020-21 मध्ये मुंबईने इंडियन सुपर लीगमधले पहिले स्थान व अंतिम विजेतेपद अशी दोन्ही एकाच हंगामात मिळवली. अंतिम सामना मडगावच्या फातोर्डा मैदानावर होता आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने केलेल्या गोलने तो जिंकला. एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. हे यश खरे आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पण देशातली लीगच अनिश्चिततेत सापडली तेव्हा हाच मालक सहा वर्षांनी बाहेर पडू शकला आणि क्लबच्या समर्थकांना त्याबद्दल कोणी काही विचारण्याची सोयच नव्हती.

आम्हा पुणेकरांना तर याची सवयच लावली गेली आहे. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी 2012-13 मध्ये आय-लीग या तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय लीगमध्ये दुसरा आला होता, तो 2015 मध्ये बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम दिसला. एफसी पुणे सिटीची इंडियन सुपर लीगमधली जागा 2019 साली हैदराबादला गेली, मॅनेजर फिल ब्राउन आणि बरेच खेळाडू तिकडेच गेले, आणि 2025 मध्ये तो हैदराबादचा संघही दिल्लीला जाऊन नवे नाव धारण करता झाला. चार-पाच वर्षांत एका शहरातून चार व्यावसायिक संघ नाहीसे झाले.

याची झळ कोणाला बसते ते मी जवळून पाहिले आहे. आमच्या सोसायटीतला एक मुलगा एका अकादमीत होता. पहाटे साडेपाचला दोन बस बदलून तो सरावाला जायचा. बूट घराबाहेरच्या कठड्यावर वाळत असायचे आणि त्यांना लागलेल्या तांबड्या मातीचे डाग जिन्यात पडतात म्हणून सोसायटीत तक्रारही झाली होती. एका संध्याकाळी त्याच्या वडिलांच्या फोनवर दोन ओळींचा निरोप आला की उद्यापासून सराव होणार नाही. कारण नाही, पुढे काय याचा उल्लेख नाही. मुलगा सोळा वर्षांचा होता. दुसऱ्या शहरात पाठवण्याची घरची ऐपत नव्हती आणि दहावीनंतरचा फुटबॉल तिथेच संपला.

इंग्लंडने आपल्या अनुभवातून धडा घेतला. 2019 साली बरी हा जुना क्लब मालकाच्या दिवाळखोर कारभारामुळे लीगमधून बाहेर काढला गेला, त्यानंतर सरकारने समर्थकांच्या सहभागाने आढावा घेतला, आणि 2025 मध्ये कायदा होऊन फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला गेला. क्लब घेणाऱ्याची पारख करणे, मैदान परस्पर विकू न देणे, बोधचिन्ह व जर्सीचे रंग समर्थकांना विचारल्याशिवाय बदलू न देणे हे त्याच्या कक्षेत येते. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये मतांचे बहुमत सदस्यांच्या हाती राहील असा नियमच आहे. आपल्याकडे लगेच जर्मनी होणार नाही हे मला कळते. सदस्यांच्या वर्गणीवर व्यावसायिक संघ चालवण्याइतकी प्रेक्षकसंख्या अजून आपल्याजवळ नाही. पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा क्लब परवाना असतोच, आणि त्यात तीन अटी घालायला फारसा खर्च येत नाही. मालकाने किमान एका हंगामाच्या पगाराइतकी बँक हमी आगाऊ द्यावी. अकादमी वेगळ्या विश्वस्त संस्थेत असावी, म्हणजे वरचा संघ बंद झाला तरी मुलांचा सराव थांबणार नाही. आणि क्लबचे शहर बदलायचे असेल, तर राज्य संघटना व नोंदणीकृत समर्थक यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय परवानगी मिळू नये.

लीगची घडी नव्याने बसवली जात असताना या अटी परवान्यात घालणे सोपे आहे. संघ एकदा वाटून झाले की कोणताही मालक त्या आपणहून मान्य करणार नाही. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या आपल्या राज्य संघटनेने हा प्रस्ताव महाराष्ट्राच्या वतीने लेखी स्वरूपात महासंघाकडे पाठवावा आणि आपल्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
कोथरूड, पुणे