चालण्याची सवलत, जीएसटीची वजाबाकी आणि माझी साखर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, आरोग्य विमा विभाग

नाशिक, 2 फेब्रुवारी 2026

महोदय,

माझ्या व पत्नीच्या आरोग्य पॉलिसीचे नूतनीकरण 11 जानेवारीला झाले. आपल्या ॲपने त्या दिवशी पडद्यावर फटाके उडवले: ‘अभिनंदन! नियमित चालल्याबद्दल आपली बचत 2,312 रुपये.’ सातपूरच्या कारखान्यात मी तीस वर्षे स्टोअरचा हिशेब सांभाळला. आकडा पडताळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

गेल्या वर्षी हप्ता 28,400, त्यावर 18 टक्के जीएसटी 5,112, एकूण 33,512. यंदा हप्ता 31,200 आणि जीएसटी शून्य. फरक बरोबर 2,312. म्हणजे वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सरकारने 22 सप्टेंबर 2025 पासून काढला, तो आपण माझ्या चालण्याच्या खात्यात जमा दाखवलात आणि मूळ हप्ता 2,800 रुपयांनी वाढवलात. ॲपमध्ये कबूल केलेली 10 टक्के सवलत, म्हणजे 3,120 रुपये, पावतीवर कुठेच नाही.

फोनवर उत्तर मिळाले की सवलतीसाठी लागणारे ‘सक्रिय दिवस’, म्हणजे पुरेशी पावले भरलेले दिवस, कमी भरले. मी रोज पहाटे इंदिरानगरहून सोमेश्वरला सायकलने जाऊन येतो. वीसेक किलोमीटर होतात, पण ॲपला फक्त पावले कळतात, त्यामुळे माझी सकाळ त्याच्या लेखी झोपेत गेली. उलट द्वारकेहून नाशिकरोडला रिक्षाने गेलो त्या दिवशी बसल्या जागी 900 पावले पदरात पडली. खड्ड्यांची कृपा. पत्नी दिवसभर तीन मजले चढते-उतरते, पण तिचा फोन फ्रिजवर चार्जिंगला असतो, म्हणून ती आळशी ठरली. शेवटी नातवाने फोन झोपाळ्याला बांधला आणि संध्याकाळपर्यंत आजीचे ‘आजचे उद्दिष्ट पूर्ण’ झाले. असल्या मोजणीवर आपण माणसाचा हप्ता ठरवता!

पैशाचे एक वेळ सोडा. नोव्हेंबरमध्ये ‘अहवाल भरा, 200 गुण मिळवा’ म्हणून मी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, एचबीएवनसीचा आकडा भरला: 7.2. त्याच सुमारास ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली. ओटीपीसाठी असेल असे समजून मी ती दिली. आठवड्याने पडद्यावर एक कार्ड आले: ‘आपली साखर वाढती, आपत्कालीन निधी अपुरा.’ खाली कर्जाचे बटण. बँकेतली शिल्लक रुपयापर्यंत अचूक होती. ती माझ्याच एसएमएसमधून उचलली, दुसरे काय? चार दिवसांनी एका मुलीचा फोन आला: “काका, शुगरच्या ट्रीटमेंटसाठी मेडिकल लोन हवंय का?” माझी साखर माझ्या सख्ख्या भावालाही माहीत नाही. तिला कोणी सांगितली?

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ही ठराविक कामापुरती आणि आवश्यक तेवढ्याच माहितीसाठी असावी, असे लिहिले आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार, हे मी वाचले आहे. तो टप्पा येईपर्यंत थांबा, असे उत्तर कृपया पाठवू नये. माझी साखर व बँकेची माहिती कोणाकोणाला दिली त्यांची नावे कळवा, एसएमएसमधून घेतलेले सगळे पुसा आणि पुसल्याचे लेखी द्या. सायकल धरून सक्रिय दिवस पुन्हा मोजा, 3,120 रुपये खात्यात जमा करा, आणि जीएसटीला ‘बचत’ म्हणणारा तो पडदा माझ्यासारख्या इतरांच्या फोनवरूनही काढा.

चॅटवरच्या यंत्राला मी हे सगळे चार वेळा सांगून झाले. त्याने चारही वेळा मला जास्त पाणी प्यायला सांगितले. आता उत्तर माणसाच्या सहीचे हवे. 14 दिवसांत आले नाही तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवीन आणि पुढे विमा लोकपालांकडे जाईन.

आपला,
एक पॉलिसीधारक, इंदिरानगर

सोबत: पॉलिसीची प्रत, दोन्ही वर्षांच्या पावत्या, कर्जाच्या कार्डाचा व झोपाळ्याच्या दिवसाचा स्क्रीनशॉट.