बोंडअळी सोडू नको, आधी तिची पैदास बसव

चोपडा, जि. जळगाव
कोजागिरी

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून आईला घोर लागलाय, पोरगी कंटाळली म्हणून. मला तसं वाटत नाही. तुझ्या संशोधनात जनुक बदलायला सुई टोचली की गुलाबी बोंडअळीची अंडी टिकत नाहीत, मार्गदर्शक मॅडम म्हणतात फळमाशी घे, आणि तुझं मन होत नाही, एवढंच ना? फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

फळमाशीला नावं ठेवायचं कारण नाही. अमेरिकेतल्या मॉर्गन या शास्त्रज्ञाला 1910 साली पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली, तेव्हापासून शंभरावर वर्षांची मेहनत तिच्यावर झालीय. जनुक बंद करायचं, हव्या त्या अवयवात चालू करायचं, सगळी अवजारं तयार. अकरावीला मीही तीच शिकवली. पण बोंड पोखरणारी आणि बीटी कपाशीतलं अळीमारक प्रथिन पचवणारी अळी ती नव्हे. तुझा प्रश्न कपाशीतला आहे.

क्रिस्पर काय करतं हे तू मला शिकवलंस: वीस अक्षरांचा वाटाड्या आरएनए, कॅस9 तिथे डीएनए कापतं, पेशी जोडायला जाते, जोडताना चुकते आणि जनुक बंद पडतं. हे आता फक्त माशीपुरतं राहिलेलं नाही. 2017 मध्ये दोन जातींच्या मुंग्यांचं वासाशी निगडित ऑर्को जनुक बंद केलं, तर त्यांना एकमेकींचे गंधच कळेनात. त्या दोन जातींपैकी हार्पेग्नॅथॉस तर भारतातलीच. आणि बोंडअळीतही झालंय की! बोलगार्ड-2 ही बीटी कपाशी आपल्याकडे 2006 साली आली तेव्हा दोन प्रथिनांचं दुहेरी कुलूप म्हणून मिरवत होते. 2017 ला राज्यभर बोंडं सडली तेव्हा ते कुलूप किती टिकलं ते आपण पाहिलं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी बोंडअळीचं एबीसीए2 जनुक क्रिस्परने बिघडवलं, आणि अळी त्या दोनपैकी क्राय2एबी या प्रथिनाला दाद देईना. तेव्हा ही अळी हाती लागतच नाही असं म्हणू नको.

कापणं आता फारसं अडत नाही. अडतं ते अंड्यापाशी. रोज ताजी अंडी किती मिळतात, आतला गर्भ पेशीपेशीत वाटला जायच्या आत किती वेळ हातात आहे, टोचलेली अळी पतंग होऊन जोडी जमवते का. त्यातून पहिल्या पिढीचा किडा चट्टेरी, काही पेशी बदललेल्या, काही जुन्याच. बदल बीजपेशीत उतरला तरच पुढच्या पिढीत पूर्ण बदललेला किडा मिळणार. म्हणजे पिढ्यांमागून पिढ्या पाळता आल्या पाहिजेत, आणि तुझी पैदासच अजून बसलेली नाही. मी तुझ्या जागी असतो तर काही महिने सुईला हात लावला नसता.

आज सकाळी धुऱ्याकडच्या ओळीत एक डोमकळी उघडली. पाकळ्या टोकाशी जाळ्याने शिवलेल्या, आत परागात अळी, पांढुरकी, डोकं तेवढं तपकिरी. गुलाबी रंग मागाहून चढतो. बोंड धरलं की मादी अंडी उघड्यावर घालत नाही, बोंडाच्या बुडाशी हिरव्या दलांच्या आड चिकटवते. तुझ्या पिंजऱ्यात तिला अशी आडोशाची फट आहे का? नसेल तर आधी तेवढं करून बघ.

अंड्याचं जमलंच नाही तर दुसरी वाट आहेच. झुरळाची अंडी पेटीत बंद असतात, सुई जाणार कुठून? जपानमधल्या क्योतोच्या शास्त्रज्ञांनी 2022 मध्ये मादीच्याच अंगात टोचलं आणि बदललेली पिल्लं मिळवली. पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यातही ते जमलं, जो आई रोज चाळणीतून फेकते. पतंगात चालेल का, ते मॅडमना विचार.

मामा परवा विचारत होते, "मंग बोंडअळी मरी का?" मी सांगितलं, पोरगी औषध करत नाही, अळी बीटीला कशी फसवते ते शोधतेय, तोवर तू फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही कपाशी उभी ठेवून पुन्हा पीक घेणं, बंद कर. रागावले जरा. गावात कुणाला तूही फार आशा दाखवू नको.

डोमकळ्या हव्या असतील तर लगेच कळव, वेचणीच्या बाया शेतात शिरायच्या आत तोडून ठेवतो. डब्याला भोकं पाडायची की फडकं बांधायचं, तेही लिही.

तुझे
अण्णा