दोन बोटांची कड

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला चित्रांमागच्या गमतीजमतींचा लेख वाचला. लेख बरा आहे, हे आधीच सांगतो; नाहीतर पुढचे वाचून लेखकाला वाटायचे, म्हातारा उगाच खेकसतोय. १९११ साली मोनालिसा पळवणारा पेरुज्जिया, दोन वर्षे त्याच्या खोलीत पडून राहिलेली ती बाई, सगळे झकास. पण रेम्ब्रांच्या 'नाइट वॉच'पाशी येऊन लेखक म्हणतो, "गंमत म्हणजे १७१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या टाउन हॉलमधल्या भिंतीवर मावेना म्हणून हे चित्र चारही बाजूंनी कापले."

यात गंमत कुठली? डावीकडची जवळजवळ दोन फुटांची पट्टी गेली, तिच्यावरची माणसे गेली. गेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने त्याआधीच एक छोटी नक्कल करून ठेवली होती, म्हणून काय गेले ते आज निदान कळते तरी.

आमच्याकडे अशी नक्कल नव्हती.

आजीच्या देवघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. साडीच्या काठावर आजीने स्वतःच्या हाताने जर आणि टिकल्या लावलेल्या. चित्राखाली दोन बोटे पांढरी कड, तिच्यावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ. काच तडकली म्हणून मेन रोडजवळच्या एका दुकानात तसबीर मढवायला दिली. चार दिवसांनी आणायला गेलो, तर लक्ष्मी चकचकीत सोनेरी चौकटीत बसलेली आणि कड गायब.

"काका, रेडीमेड फ्रेममध्ये बसत नव्हती. खाली डागपण होते. आता बघा, कशी फ्रेश दिसते!"

"आणि कापलेला तुकडा?"

"तो काय ठेवायचाय? सकाळीच घंटागाडीत टाकला."

वर साफसफाईचे पन्नास रुपये वेगळे लावले. ते मी मुकाट्याने दिले, याचा राग मला त्या दुकानदारापेक्षा जास्त येतो.

आता घरातली मंडळी म्हणतात, लक्ष्मी तर शाबूत आहे ना? आहे. पण ती कुठली? प्रेस १८९४ साली गिरगावात सुरू झाली, प्लेगच्या दिवसांत लोणावळ्याजवळ मळवलीला गेली, पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन माणसाने ती विकत घेतली. आमचा कागद यातल्या कोणत्या काळातला, हे त्या ओळीवरून कळले असते. ती ओळ आम्ही तीन पिढ्यांत एकदाही नीट वाचली नाही, हेही कबूल करतो. आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी काही काळ त्याच लोणावळ्याच्या प्रेसमध्ये कामाला होते. त्यांच्या डोळ्यांखालून आमची लक्ष्मी गेली असेल का? आता विचारायचे कोणाला, घंटागाडीला?

त्यापेक्षा क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात शहाणा. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत दहा नंबरच्या लेण्यात त्याने सगळा व्यवहार दगडातच कोरून ठेवला. विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) ठेव, व्याज महिना शेकडा १. त्यातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यांसाठी प्रत्येकी १२. माझा सगळा जन्म बँकेत गेला, त्यामुळे हात शिवशिवले. वर्षाचे व्याज २४०, वाटप २४०. एका कार्षापणाची चूक नाही! ही ठेवपावती एकोणीसशे वर्षे टिकली, कारण ती कापायला कटर पुरत नाही. तुमच्या लेखकाला हॉलंडपर्यंत जाता आले, लेण्यांजवळच्या पाथर्डी फाट्यापर्यंत येता आले नाही. असो. रिक्षा मिळाली नसेल.

आणि एक. लेखासोबत तुम्ही छापलेले 'नाइट वॉच' जरा पाहा. उजव्या टोकाला एक ढोलवाला आहे. १७१५ च्या कापाकापीतून तो बिचारा कसाबसा वाचला होता. तुमच्या पानावर त्याचा ढोल टू-बीएचकेच्या जाहिरातीखाली गेला आहे. चित्र कापल्याची गंमत वर आणि कापलेले चित्र खाली, हे एकाच पानावर जुळवून आणल्याबद्दल पान लावणाऱ्याचे अभिनंदन.

हे पत्र जागेअभावी कापावे लागलेच, तर वरून कापा. खालची ओळ तेवढी राहू द्या, तिच्यात गावाचे नाव आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पंचवटी, नाशिक