मावशी, चौथ्या उद्गाराबद्दल आभार

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण तुम्ही मला ज्यातून बाहेर काढलंत ते मंडळीत (चर्चमध्ये) कुणी मोठ्याने कबूल करत नाही. रागाची, शंकेची साक्ष आपण ऐकतो. "मला तिचा हेवा वाटतो" म्हणून उभं राहिलेलं मी तरी कुणाला पाहिलं नाही.

त्या उत्तम शुक्रवारसाठी (गुड फ्रायडे) येशूच्या क्रूसावरील 7 उद्गारांपैकी चौथा संदेशासाठी माझ्या मैत्रिणीला मिळाला. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्यावर बोलायची माझी कित्येक वर्षांची इच्छा, आणि ती तर माझ्यानंतर संदेश द्यायला शिकलेली. मी तिचं अभिनंदन केलं आणि घरी जाऊन तिच्या जुन्या संदेशांतल्या चुका आठवत बसले. वर त्याला 'मंडळीची काळजी' असं नावही दिलं! येशूला हेव्यापायी धरून दिलंय हे रोमी सुभेदार पिलातालासुद्धा कळलं होतं. माझ्या मनातलं मला कळायला तुम्ही लागलात.

तुम्ही रागावला नाहीत. नीतिसूत्रांतलं 'हेवा हाडं कुजवतो' हे वचनही काढलं नाहीत. (ते मला पाठ होतं, उपयोग शून्य.) बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक उघडून नुसता नावांचा क्रम बघायला सांगितलात. 11व्या अध्यायात बर्णबा स्वतः तार्साला जातो आणि शौलाला शोधून अंत्युखियाला आणतो. तेव्हा 'बर्णबा आणि शौल'. 13वा अध्याय संपेपर्यंत 'पौल आणि बर्णबा' (शौल म्हणजेच पौल). "त्याला आणायला हाच गेला होता," एवढंच म्हणालात. मी वाद घातला की पुढे दोघांचं कडाक्याचं भांडण झालंच ना? तुम्ही हसलात. "झालं. पण मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून. नावाच्या क्रमावरून नाही."

मग म्हणालात, तुला स्वतःसाठी जे हवंय तेच रोज तिच्यासाठी माग. माझी पहिली प्रार्थना एका ओळीची होती, तीही खोटी. तसं सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "खोटी तर खोटी, कर. दुरुस्त करणारा वर बसलाय."

खरा घाम फुटला तो पुढच्या सांगण्याने. चौथा उद्गार 22व्या स्तोत्रातला; त्या स्तोत्रावरची माझी सगळी टिपणं तिला द्यायची. राजपुत्र योनाथानाने आपला झगा, तलवार, धनुष्य मित्राला, दाविदाला दिलं हे वाचायला सोपं असतं हो. मी वही 4 दिवस पिशवीत घेऊन फिरले. दिली तेव्हा ती म्हणाली, "बसतेस का माझ्याबरोबर? मला फार भीती वाटतेय." भीती! तिला भीती वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शुक्रवारी ती बोलली ते माझ्या वहीच्या पलीकडचं होतं. टाकल्याच्या आक्रोशाने सुरू होणारं ते स्तोत्र पुढे मंडळीमध्ये देवाची स्तुती करतं. माझी टिपणं पहिल्या अर्ध्यातच अडकलेली. मी शेजारी बसलेल्या तुमचा हात दाबला. तुम्ही काही बोलला नाहीत, त्याबद्दलही आभार.

यंदा परत चौथा उद्गार तिच्याकडेच आहे. नाव ऐकलं तेव्हा पोटात एकदा कळ आलीच, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. संध्याकाळी तिला फोन केला आणि विचारलं, "या वेळी कुठून सुरुवात करतेस?"

प्रभूमध्ये तुमची,
दर रविवारी तुमच्या शेजारी बसणारी