समुपदेशक म्हणजे बदली शिक्षक नव्हे

महोदय,

१०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. नेमणुका कागदोपत्री होतीलही. पण पहिली ते चौथीच्या शाळेत या व्यक्तीने नेमके काय करायचे, हे मुख्याध्यापकांनाच ठाऊक नसेल तर उपयोग शून्य.

सात वर्षांचे मूल समोर बसवून ‘काय झालं?’ विचारले, तर ‘काही नाही’ एवढेच म्हणते. म्हणून समुपदेशकाचे निम्मे काम खोलीबाहेर असते. वर्गात मागे बसायचे, मधल्या सुट्टीत मूल डबा कोणाबरोबर खाते ते बघायचे, पोट नेमके कोणत्या तासाला दुखते त्याची नोंद ठेवायची.

‘लक्षच देत नाही’ अशी तक्रार आली, की आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. पुस्तकातले नीट वाचणारे मूल फळ्यावरचे उतरवताना चुकत असेल, तर बहुधा चष्मा लागलेला असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य तपासणी पथक शाळेत वर्षातून एकदाच येते. त्याची वाट पाहत बसू नये. पुढे पालकांकडून झोप, स्थलांतर, घरची बोली यांची माहिती घ्यावी. मग वर्गशिक्षकांशी बोलून दोनच बदल करावेत: पुढचा बाक आणि एका वेळी एकच सूचना. सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही तरच तज्ज्ञाकडे पाठवावे. अध्ययन अक्षमतेची (वाचन, लेखन, गणित शिकण्यातल्या कायमच्या अडचणीची) प्राथमिक तपासणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी करायची असते; पहिलीतले मूल ‘ब’ आणि ‘व’मध्ये गोंधळले म्हणून त्याला डिस्लेक्सियाचे, म्हणजे वाचन-अक्षमतेचे, लेबल चिकटवणे हा अन्याय आहे.

लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास मात्र थांबायला जागा नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘आधी शाळेची समिती चौकशी करील’ ही पळवाट कायद्यात नाही. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नये, त्याचे शब्द तारीख-वेळेसह जसेच्या तसे लिहावेत आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये.

गाडी अडते ती भलत्याच ठिकाणी. रजेवरच्या शिक्षकाचा वर्ग समुपदेशकाच्या गळ्यात पडतो. ‘मस्ती केलीस तर समुपदेशक बाईंकडे पाठवीन’ अशी धमकी एकदा दिली, की त्या खोलीत कोणतेच मूल आपणहून पाऊल टाकत नाही. खोली तरी कुठली? बहुतेकदा क्रीडासाहित्याची अडगळ. आत दिसेल पण ऐकू जाणार नाही असे काचेचे दार आणि नोंदींसाठी कुलपाचे कपाट, एवढे तरी हवेच. आणि बदली तास देता येणार नाहीत, ही अट शिक्षण विभागाने नेमणूकपत्रातच घालावी.

— एक शालेय समुपदेशक, नाशिक