गणिताच्या पुस्तकाची प्रुफे वाचणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

शाळकरी मुलांसाठी लिहिलेल्या माझ्या गणित-विज्ञानाच्या पुस्तकाची छापील प्रत काल हाती आली, आणि ती चाळण्याआधी मी तुमच्या पेन्सिलीच्या खुणा असलेला प्रुफांचा गठ्ठा पुन्हा काढून बसलो. फोनवर तुमचे आभार मानले होतेच. पण तुम्ही नेमके काय केलेत हे चारचौघांना कळावे, म्हणून हे जाहीर पत्र.

प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ गुणिले १०चा आठवा घात इतके मीटर असतो, हे मी चिन्हांत लिहिले होते. मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना वर चढवलेला आठ खाली उतरला आणि प्रुफात आले ‘३ × १०८’. १०८ हा आकडा आपल्या नजरेला इतका सवयीचा, की तीनदा वाचूनही तो मला खटकला नाही. तुम्ही मात्र समासात गुणाकार केलात, उत्तर ३२४ काढलेत आणि खाली लिहिलेत, ‘मागच्या प्रकरणात हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर दिला आहे. मग वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, तो कसा?’ त्या एका प्रश्नामुळे मी पुस्तकातला प्रत्येक घात नव्याने तपासला, आणि आणखी सात ठिकाणी तीच चूक सापडली.

अंशाच्या खुणेचीही तीच गत झाली होती. आपले शून्य आणि अंशाची खूण दोन्ही वाटोळी, फरक काय तो आकाराचा आणि उंचीचा. त्यामुळे काटकोन ९०° ऐवजी ९०० होऊन बसला होता. ‘दुःख’सारख्या शब्दांत अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग यावा म्हणून केलेल्या सरसकट बदलात गुणोत्तरांची चिन्हेही विसर्ग झाली होती. तीही तुम्ही एकेक करून मूळपदावर आणलीत.

पण माझ्या मनात घर करून राहिला आहे तो पृष्ठ ६२वरचा पतंग. ‘ज्या चौकोनाचे कर्ण परस्परांना लंब असतात, तो समभुज चौकोन असतो’ असे माझे वाक्य होते. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे नव्हते. त्याच्या शेजारी तुम्ही वरच्या दोन बाजू आखूड आणि खालच्या दोन लांब असा एक छोटासा पतंग काढलात, त्याचे कर्ण आखून काटकोनाची खूण केलीत आणि पुढे फक्त प्रश्नचिन्ह ठेवलेत. कर्ण परस्परांना लंब असून दुभागतही असले पाहिजेत, ही अट माझ्याकडून राहून गेली होती. तुम्ही वाक्य स्वतः दुरुस्त केले नाहीत, ते माझ्याकडे परत पाठवलेत, आणि लेखकाचा असा मान राखणारे वाचन मी पूर्वी अनुभवले नव्हते.

‘वजन’ आणि ‘वस्तुमान’ यांबाबतही तुम्ही परिभाषा कोशावर बोट ठेवून थांबला नाहीत. बाजारातल्या कांद्यांचे वजन तुम्ही वजनच राहू दिलेत आणि गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणात मात्र जिथे जिथे वस्तुमान हवे होते, तिथे तिथे ते घालून घेतलेत.

सहावीत असताना पुस्तकामागे छापलेले एक उत्तर चुकीचे होते, म्हणून मी दोन दिवस तेच उदाहरण पुन्हापुन्हा सोडवत राहिलो होतो आणि आपल्यालाच गणित येत नाही, अशी माझी खात्री पटली होती. ऱ्हस्व-दीर्घाची चूक वाचक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. आकड्याच्या चुकीपुढे मूल स्वतःलाच चूक ठरवते. माझ्या पुस्तकाच्या वाचकांना तुम्ही त्यातून वाचवलेत, याबद्दल मी तुमचा अत्यंत ऋणी आहे.

या आवृत्तीत तुमचे नाव कुठेही छापलेले नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पुढच्या आवृत्तीत माझ्या नावाच्या पानावरच ‘मुद्रितशोधन’ या शब्दापुढे ते घालण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. पतंगाचे ते पान मात्र मी परत करणार नाही. ते माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे.

आपला कृतज्ञ,
पुस्तकाचा लेखक